सरासरीने श्रीमंत

जुलै उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हटकून येते : मोडकसागर भरून वाहू लागला, तानसाचे दरवाजे उघडले, मुंबईकरांची चिंता मिटली. सोबत फेसाळत्या पाण्याचा फोटो. ही दोन्ही धरणं आणि त्यांच्याहून कितीतरी मोठं भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याची चिंता मिटली का, हे विचारायची पद्धत नाही. धरणं त्यांनी सांभाळायची आणि चिंता आपण करायची, ही वाटणी १८९२ साली तानसा बांधलं तेव्हाच ठरली आणि ती आजतागायत कुणी मोडलेली नाही.

सरकारी कागदावर माणसाची तहानसुद्धा मोजलेली असते. शहरात माणशी १३५ लिटर. जलजीवन मिशनच्या खेड्यातल्या नळाला ५५. टंचाई जाहीर होऊन टँकर लागला, तर २०. शहापुरात शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यात कसारा, डोळखांबकडचे पाडे या तिसऱ्या आकड्यावर येतात. टँकर येतो, विहिरीत पाइप सोडतो, रिकामा होतो आणि जातो. तळाचा गाळ ढवळून वर आलेला असतो. दहा-पंधरा पोहरे एकदम आत पडतात, दोरांत दोर अडकतात, आणि पहिले दोन हंडे ज्यांचे भरले त्यांचंच पाणी जरा नितळ असतं. बाकीच्यांनी घरी नेऊन फडक्यातून गाळायचं. मुंबईला जाणारं पाणी गाळायला पांजरापूरला स्वतंत्र केंद्र आहे. इथे प्रत्येक घरी एक आहे. विकेंद्रीकरण म्हणतात ते हेच असावं.

आफ्रिकेत लेसोथो नावाचा एक चिमुकला डोंगराळ देश आहे. तिथल्या धरणांचं पाणी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गकडे जातं, आणि तिथल्याही डोंगरातल्या बाया डोक्यावर पाणी वाहतात. म्हणजे शहापूरच. फरक एवढाच, की १९८६च्या करारामुळे लेसोथोच्या तिजोरीत पाण्याची रॉयल्टी पडते. भातसाच्या पाण्याचे पैसेही मुंबई महापालिका भरते, नाही असं नाही. पण ते सरकारकडे जातात. शहापूरची चूक अशी, की तो वेळेवर परदेश झाला नाही.

पण शहापूर-मुरबाडला गरीब म्हणायची सोय नाही, कारण हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात आहेत. या जिल्ह्यात सहा महानगरपालिका. घोडबंदर रोडवरचे चाळीस मजली टॉवर याच जिल्ह्यात, नवी मुंबईतल्या काचेच्या इमारतीही याच जिल्ह्यात. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न काढायचं म्हणजे टॉवरमधल्या साहेबाचं आणि माळशेजच्या पायथ्याच्या कातकऱ्याचं उत्पन्न एकत्र करायचं आणि भागायचं. भागाकार झाला की कातकरी खाऊनपिऊन सुखी निघतो. त्याला ते कुणी कळवत नाही, एवढंच.

पूर्वी या सरासरीत थोडी अडचण होती. जव्हार-मोखाड्याचं कुपोषण जिल्ह्याच्या नावावर लागायचं. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याचं कुपोषण एका रात्रीत, एकाही मुलाला खिचडी न वाढता, झपाट्याने घटलं. जगातल्या थोर अर्थतज्ज्ञांना जे जमलं नाही ते नकाशावर रेघ मारणाऱ्याने करून दाखवलं.

गरिबी मोजण्याचं शास्त्रही आता पुष्कळ पुढे गेलं आहे. जागतिक बँकेने २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची रेषा दिवसाला ३ डॉलरवर नेली. हा डॉलर विमानतळावर बदलून मिळतो तो नव्हे, क्रयशक्तीचा. तो फक्त अहवालात चालतो. आपल्या नीती आयोगाने तर २०२४च्या जानेवारीत सांगितलं, की नऊ वर्षांत २४.८२ कोटी लोक बहुआयामी गरिबीतून बाहेर आले. बारा निकष आहेत. त्यात बँकेतलं खातं आहे, घरातल्या वस्तू आहेत, आणि पाणी अर्ध्या तासात आणता येतं का, हेही आहे. निकष वाईट नाहीत, उलट चांगले आहेत. गंमत ते विचारण्यात आहे. समजा, एखादी पाहणी करणारी ताई पाड्यावर आली.

"मावशी, घरात मोबाईल आहे?"

"हाये ना, पोराचा."

"मोटारसायकल?"

"तीपन हाये. हप्त्यावं."

"बँकेत खातं?"

"हाये. त्यात काय नाय, पन खातं हाये."

"पाणी आणायला जाऊन-येऊन अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो?"

"कवा? पावसाल्यात का उन्हाल्यात?"

ताई फॉर्म उलटसुलट करून बघते. ऋतूचा रकाना नाही. "सरासरी सांगा ना."

"मंग तुमीच लिवा, बाय."

यात मी तिखटमीठ लावलं असेल. पण ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवर ही आकडेमोड उभी आहे, तिच्या पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम झालं जून ते डिसेंबर २०१९ या काळात. म्हणजे मृगापासून मार्गशीर्षापर्यंत. त्या दिवसांत आमच्याकडे पाणी दारात काय, घरातसुद्धा येतं.

शेतीचं म्हणाल तर ती अजून होते. भाताची. उन्हाळ्यात राब भाजायचा : शेण, झाडांची कवळं, पालापाचोळा पसरून वर माती घालून पेटवायचं, त्या राखेत रोप टाकायचं, मग आवणी. या राबावर ब्रिटिशांच्या वनखात्याचा एवढा राग, की शेतकऱ्यांची ओरड ऐकायला १८८५ साली सरकारला ठाणे-कुलाब्यासाठी कमिशन बसवावं लागलं. कमिशन आलं, गेलं, ब्रिटिशही गेले. राब अजून भाजतात, आणि वनखातंही अजून रागावतं. मुरबाडची झिनी पिकते, वास घमघमतो. सरकारचा साध्या भाताचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला २३६९ रुपये. तो घ्यायचा तर ऑनलाइन नोंदणी, सातबारा, पासबुक आणि खरेदी केंद्र सुरू होऊन तिथे बारदान असण्याचा योग. एवढे ग्रह एका रांगेत येईपर्यंत पोराच्या मोटारसायकलचा हप्ता थांबत नाही. व्यापारी मात्र टेम्पो घेऊन खळ्यावरच येतो, स्वतःची पोती स्वतः आणतो. भाव तोच ठरवतो, पण माणूस बोलायला गोड.

पुढे ओलीवर वाल टाकला तर टाकला. दिवाळी झाली की निम्मा पाडा उचल घेऊन वीटभट्टीवर. भिवंडी, कल्याण, आणखी कुठे कुठे. टॉवर वर चढतात ते या विटांवर, म्हणजे जिल्ह्याची सरासरी वाढवण्यात पाड्याचा हात आहेच. पोरंही बरोबर जातात, शाळेच्या पटावर मात्र ती इथेच असतात. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी तोच मालक.

आता खरा शेतकरी बघायचा असेल तर शनिवारी मुरबाडला या. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच घेता येते. कायदा कडक आहे, म्हणूनच गेल्या काही वर्षांत अंधेरी, मुलुंड, घाटकोपर भागांत शेतकऱ्यांची संख्या फार वाढली. कुणाच्या आजोळी अचानक गुंठाभर जमीन निघते, आणि पुढच्या शनिवारी बारवीच्या पाण्याकडे तोंड करून शेतघर उभं. ते पाणी एमआयडीसीच्या धरणाचं आहे आणि त्याखाली मुरबाडचीच गावं गेली आहेत, पण जाहिरातीत त्याला 'लेक व्ह्यू' म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. कुंपणाच्या आत चारशे फूट बोअर, हिरवळ आणि माळी. माळी बहुधा त्याच जमिनीचा जुना मालक असतो. भातात त्याला वर्षातून एकदाच पैसे दिसायचे, आता महिन्याच्या महिन्याला पगार. त्याचा विकास झाला नाही, असं कोण म्हणेल?

रस्तेही झाले. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. नागपूरहून मुंबई आता आठ तासांवर. याच तालुक्यात काही पाड्यांवरून पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात, त्याला किती तास लागतात हे महामार्गाच्या फलकावर नाही. मुरबाडच्या काळू धरणाची कथा याहून रंगतदार : वनखात्याची परवानगी यायच्या आतच २०११ मध्ये काम जोरात सुरू झालं. श्रमिक मुक्ती संघटना कोर्टात गेली, २०१२ साली उच्च न्यायालयाने काम थांबवलं, आणि आता फाइल पुन्हा हलते आहे. पाणी अर्थातच महानगरासाठी. माळशेजला तर काचेच्या स्कायवॉकचा प्रस्ताव आहे. त्यावर उभं राहिलं की पायाखाली पाडे दिसतील, आणि काच स्वच्छ असली तर हंडेसुद्धा.

माझी एक सूचना आहे. २०१४ची रेघ यशस्वी झाली, तेव्हा कल्याणच्या पुढे आणखी एक मारावी. शहापूर आणि मुरबाड मिळून एक नवा जिल्हा करावा. ठाण्याचं दरडोई उत्पन्न दुसऱ्या दिवशी उसळी मारेल, टँकर शून्यावर येतील, पालकमंत्र्यांचा सत्कार करता येईल. धरणांचं काय, असं कुणी आडवं विचारील. ती दोन्ही जिल्ह्यांत न दाखवता सरळ मुंबईच्या नकाशात घ्यावीत, म्हणजे जुलैतल्या बातमीतही घोटाळा नको. राहता राहिलं नव्या जिल्ह्याचं मुख्यालय. ते कल्याण-मुरबाड रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनाला लागून बांधावं. तोवर कारभार ठाण्यातूनच चालेल.