दुसऱ्या मताचा भागाकार

स्कॉटलंडच्या संसदेची निवडणूक येत्या 7 मे 2026 ला आहे. जागा 129. तिथल्या मतदाराला दोन गोष्टी यायला लागतात, फुली मारणं आणि भागाकार. फुलीने मत पडतं. ते कुणाच्या पदरात पडलं हे कळायला भागाकार लागतो, आणि तोही साधासुधा नव्हे, व्हिक्टर डी'हाँट नावाच्या एका बेल्जियन वकिलाने 1878 मध्ये मांडलेला. गणित वकिलाने मांडलंय म्हटल्यावर पुढचं सगळं ओघानेच आलं.

मतदान केंद्रात शिरलं की हातावर दोन कागद ठेवतात. एक फिकट जांभळा, दुसरा पीच रंगाचा. जांभळ्यावर आपल्या मतदारसंघातला माणूस निवडायचा. असे 73 मतदारसंघ. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो आला, बाकीचे पडले. इथवर आपल्याला कुणी काही शिकवायला नको. खरी गंमत पीच कागदावर आहे. त्यावर पक्षाला मत द्यायचं. देशाचे आठ विभाग पाडलेत आणि प्रत्येक विभागाला सात जागा दिल्यात, म्हणजे 56. या जागांसाठी पक्षाने आपली यादी आधीच लावून ठेवलेली असते. पहिला कोण आणि सातवा कोण हा मामला पक्षाच्या घरचा. मतदाराने त्यात नाक खुपसायचं नाही.

आता भागाकार. प्रत्येक पक्षाची त्या विभागातली पीच मतं घ्यायची. त्याच विभागात त्या पक्षाने जांभळ्या कागदावर जितक्या जागा जिंकल्या असतील त्यांत एक मिळवायचा आणि त्या आकड्याने मतांना भागायचं. ज्याचं उत्तर मोठं त्याला यादीतली पहिली जागा. जागा मिळाली की त्याचा भाजक एकाने वाढला, पुन्हा भागा. असं सात वेळा. म्हणजे जो आधी जास्त जिंकला, तो नंतर जास्त भागला जातो. निवडणूक जिंकल्याचा दंड भरायला लावणारी लोकशाही जगात फार नसावी.

2021 चं ग्लासगो बघा. स्कॉटिश नॅशनल पार्टी, म्हणजे तिथली स्वातंत्र्यवादी एसएनपी, हिने ग्लासगोच्या नऊच्या नऊ जागा मारल्या. पीच कागदावरही तीच पहिली, 1,33,917 मतं. नऊ अधिक एक दहा, दहाने भागा, राहिले 13,391. मजूर पक्षाला मतं 74,088, पण मतदारसंघ एकही नाही, म्हणून भाजक फक्त एक. सात जागांचा हिशेब संपला तेव्हा मजूर पक्षाला चार, हुजूर पक्षाला दोन आणि ग्रीन पक्षाला एक जागा मिळाली होती. एसएनपीला भोपळा. सव्वा लाखाहून जास्त लोक त्या पीच कागदावर फुली मारून घरी गेले आणि त्यांच्या फुलीने एक खुर्चीसुद्धा हलली नाही.

अख्ख्या देशाचा हिशेब तर याहून देखणा आहे. त्या वर्षी यादीच्या मतदानात एसएनपीला 10,94,374 मतं पडली, जागा मिळाल्या दोन. हुजूर पक्षाला 6,37,131 मतं पडली, जागा मिळाल्या 26. हे वाचून कुणाला घोटाळ्याचा वास येईल. पण घोटाळा नाही. जांभळ्या कागदावर एसएनपीला निम्म्याहूनही कमी मतं होती आणि तेवढ्यावर तिने 73 पैकी 62 जागा उचलल्या होत्या. यादीने तो फुगा थोडा खाली आणला आणि एकूण आकडा 64 वर थांबवला. बहुमताला 65 लागतात. एका जागेने हुकलं. हे गणित मला मनापासून आवडतं. फक्त ते पाचवी-सहावीत शिकवून झाल्यावरच मतदान ठेवावं असं वाटतं. बहुधा म्हणूनच तिथे सोळाव्या वर्षी मताधिकार दिलाय. त्या वयात भागाकार ताजा असतो.

आता असं गणित एकदा छापून हातात दिलं की राजकारणी गप्प बसतील ही अपेक्षा कुणी ठेवू नये. 2021 मध्ये ॲलेक्स सालमंड या माजी फर्स्ट मिनिस्टरांनी, म्हणजे तिथल्या माजी मुख्यमंत्र्यांनी, अल्बा नावाचा पक्ष मैदानात उतरवला. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. एसएनपीला दिलेलं दुसरं मत भागाकारात वाया जातं, मग ते आम्हाला द्या, आमचा भाजक एकच आहे, स्वातंत्र्यवाद्यांचं महाबहुमत आणून दाखवतो. कागदावर बरोबर. प्रत्यक्षात यादीच्या मतांपैकी 1.7 टक्के मतं पडली आणि जागा शून्य. मतदाराला भागाकार येतो एवढं गृहीत धरून चालत नाही, त्याला माणसंही ओळखता येतात.

एसएनपी स्वतः मात्र 'दोन्ही मतं आम्हालाच' म्हणत राहते. आता तिला भागाकार येत नाही असं थोडंच आहे? पण पहिल्या मतात काही मतदारसंघ निसटले, तर दुसऱ्या मतातून भरपाई मिळते. म्हणजे ते मत हा विमा आहे. हप्ता भरायचा आणि तो वाया जावा अशी प्रार्थना करायची.

माझा एक भाचा स्कॉटलंडमधल्या एका शहरात नोकरी करतो. पासपोर्ट भारताचा, व्हिसा कामाचा. परवा फोनवर म्हणाला, "मामा, मला दोन मतं आहेत."

"तू अजून तिकडचा झालास कुठे?"

"व्हायला लागत नाही. कायदेशीर राहत असलो की बास."

त्याचं खरं आहे. भारतीयांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मत आधीपासूनच आहे, 2020 च्या कायद्याने तिथे कायदेशीर राहणाऱ्या इतर परदेशी नागरिकांनाही ते मिळालं. बारा महिन्यांपर्यंतची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांनाही मिळालं. मी विचारलं, ओळखपत्र काय दाखवतोस? तर या निवडणुकीला फोटोचं ओळखपत्र लागतच नाही. नाव सांगायचं, पत्ता सांगायचा, कागद घ्यायचे. बोटाला शाई नाही, मशीन नाही, मतदानाच्या खणात दोरीला बांधलेली बोटभर पेन्सिल. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा याहून कडक बंदोबस्त असतो.

"मग मत कुणाला?"

"पहिलं ठरलंय. दुसऱ्यासाठी आधी बाकीचे लोक पहिलं कुणाला देतात ते कळायला हवं."

"ते कधी कळणार?"

"मतमोजणी झाल्यावर."

पोराने चौदा शब्दांत अख्खी पद्धत सांगितली, मला परिच्छेदच्या परिच्छेद लागले.

नावांचा खेळ तर आणखी रंगतदार. 2007 मध्ये, सालमंड एसएनपीचेच नेते असताना, पक्षाने यादीच्या रकान्यात 'ॲलेक्स सालमंड फॉर फर्स्ट मिनिस्टर' असंच छापून घेतलं. नावं वर्णक्रमाने लागतात आणि इंग्रजी वर्णमालेत ए पहिला, त्यामुळे पक्ष अलगद वर जाऊन बसला. त्या वर्षी दोन्ही मतं एकाच कागदावर शेजारशेजारच्या रकान्यांत होती. वर त्याच दिवशी स्थानिक कौन्सिलांचीही निवडणूक होती आणि तिथे फुली चालत नव्हती, 1, 2, 3 असे पसंतीक्रम द्यायचे होते. काहींनी एकाच रकान्यात दोन फुल्या मारल्या, काहींनी दुसरा रकाना कोरा सोडला. संसदेची 1 लाख 40 हजारांहून जास्त मतं बाद झाली. आणि त्या निवडणुकीत एसएनपीला 47, मजूर पक्षाला 46 जागा. एका जागेने सत्ता पालटली. मग चौकशी बसली, अहवाल आला, आणि पुढच्या वेळेपासून दोन कागद झाले.

2021 ला ग्लासगोत 'इंडिपेंडंट ग्रीन व्हॉइस' नावाचा एक चिमुकला पक्ष उभा होता. त्याचा मूळच्या ग्रीन पक्षाशी काडीचाही संबंध नाही. मतं पडली 2,210. खऱ्या ग्रीन पक्षाची दुसरी जागा हजारभरही नसलेल्या मतांनी गेली. 2024 ला साताऱ्यात तुतारी आणि पिपाणी या मिळत्याजुळत्या निवडणूक चिन्हांचा हिशेब ज्यांनी डोक्याला हात लावून वाचला असेल, त्यांना ग्लासगोतल्या ग्रीनवाल्यांचे चेहरे वेगळे वर्णन करून सांगायला नकोत.

या पद्धतीत पडणं हीसुद्धा एक कारकीर्द आहे. मजूर पक्षाचे नेते अनस सरवार 2021 मध्ये ग्लासगो साउथसाइडमध्ये थेट तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांच्यासमोर उभे राहिले. साफ पडले. पण यादीतही नाव होतं, म्हणून संसदेत गेलेच. त्याच ग्लासगोच्या यादीतून हुजूर पक्षाचे डॉ. संदेश गुल्हाने आले. आडनाव ऐकून विदर्भात कान टवकारले गेले नसतील तरच नवल. मतदारसंघात हरवलं म्हणून माणूस टळला असं समजणाऱ्या मतदाराला पीच कागद फारच निरागस वाटतो.

आणि यादीतला सदस्य गेला तर पोटनिवडणूक नाही. यादीतला पुढचा माणूस येऊन बसतो. पण मार्गो मॅकडोनाल्ड यांच्यासारखी अपक्ष असेल तर? लोदियन विभागात त्या एकट्या आपल्या नावावर निवडून येत. त्यांच्या यादीत त्यांच्यानंतर कुणी नव्हतंच. 2014 मध्ये त्या गेल्या, तेव्हा खुर्ची पुढच्या निवडणुकीपर्यंत रिकामी राहिली. पक्षाशिवाय राजकारण करणाऱ्याचा वारस गणितालाही सापडला नाही.

यंदा सगळ्यांची नजर 65 या आकड्यावर आहे. कुणा एका पक्षाला निर्विवाद बहुमत मिळणं अवघड जावं अशीच ही पद्धत आहे असं सांगत असत. 2011 ला एसएनपीने 69 जागा जिंकून सांगणाऱ्यांची पंचाईत केली, आणि त्यातूनच 2014 चं स्वातंत्र्याचं सार्वमत झालं. फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी आता तोच दाखला देतायत. 2011 सारखं बहुमत द्या, पुन्हा सार्वमताचा हक्क सांगतो. म्हणजे तीनशे वर्षांच्या ब्रिटिश संघराज्याचा प्रश्न पेन्सिलीच्या बोटभर तुकड्यावर आणि भाजकाच्या एका अंकावर येऊन ठेपलाय. विरोधकांची अडचण वेगळी. मतदारसंघ जिंकावे तर यादीतल्या जागा कमी होतात, न जिंकावे तर सरकार कसं करणार?

भाच्याचा प्रश्न मात्र संघराज्याचा नाही. त्याच्या घरासमोर खड्डा आहे. या पद्धतीत प्रत्येक रहिवाशाला मतदारसंघाचा एक आणि विभागाचे सात असे आठ लोकप्रतिनिधी मिळतात. त्याने आठही जणांना मेल टाकली. बऱ्याच जणांची उत्तरं आली, सगळी सभ्य, सगळ्यांत मजकूर एकच. रस्ते हा विषय कौन्सिलचा आहे.

कौन्सिलची निवडणूक 2027 ला आहे. तिथे फुली नाही, पसंतीक्रम.