अप्पा, इथलाही विसर्ग क्युसेकमध्येच मोजतात

चँडलर, ॲरिझोना
जुलैचा पहिला रविवार

ती. आई आणि अप्पांना,
सा. न. वि. वि.

आमचा फोन लागेना म्हणून तुम्ही सुमामावशीला, मावशीने न्यू जर्सीच्या राजूला आणि राजूने थेट समीरच्या ऑफिसात फोन केला, हे बोटीच्या सहलीहून परत आल्यावर कळलं. आम्ही चौघंही सुखरूप आहोत. कोलोरॅडो नदीची ग्रँड कॅन्यन ही घळ सुमारे 446 किलोमीटर लांब आणि बऱ्याच ठिकाणी दीड किलोमीटर खोल आहे. तिच्या तळाशी मोबाईल चालत नाही, गाइड लोकांकडे अडीअडचणीसाठी सॅटेलाइट फोन असतो. निघण्याआधी मी हे सगळं आईला सांगितलं होतं. आईने त्यातून "पैसे भरून बुडायला चाललेत" एवढाच निरोप गावभर पोचवला.

आता सविस्तर.

अप्पा, तुमचा पहिला प्रश्न मला पाठ आहे: धरणातून विसर्ग किती? पावसाळ्यात कोयनेतून किती सोडलं आणि आयर्विन पुलाला किती फूट लागलं हे कळल्याशिवाय तुमच्या घशाखाली चहा उतरत नाही. तेव्हा ऐका. आम्ही ज्या घाटावरून निघालो त्याचं नाव लीज फेरी. तिथून पंचवीसेक किलोमीटर वर ग्लेन कॅन्यन धरण आहे. उंची 216 मीटर, पाणी अडवायला सुरुवात 1963 साली. आम्ही नदीत होतो तेव्हा विसर्ग दहा-बारा हजार क्युसेकच्या आसपास. कोयनेचे सहाही दरवाजे उघडलेले पाहिलेल्या माणसाला हे ऐकून हसू येईल, पण अरुंद घळीत एवढं पाणी पुष्कळ होतं.

गंमत पुढे आहे. इथे पाणी पावसाच्या हिशेबाने सुटत नाही, विजेच्या हिशेबाने सुटतं. दुपारी वाळवंटातल्या शहरांत एसी सुरू झाले, विजेची मागणी वाढली, की धरणातून जास्त पाणी येतं. रात्री कमी होतं. पण ते पाणी खाली पोचायला तास न् तास लागतात. त्यामुळे भर दुपारचा लोंढा आपल्या मुक्कामी भलत्याच वेळी येऊन ठेपतो. संध्याकाळी पाण्यात बांधलेली बोट पहाटे कोरड्या वाळूवर बसलेली असते. म्हणून गाइड मंडळी रात्री उठून दोर सैल करतात, बोटी ढकलतात. हे ऐकताना समीरला आठवलं, की घरचा एसी चालूच राहिलाय. म्हणजे आमची बोट हलवणाऱ्या पाण्यात आमच्या वीजबिलाचाही वाटा होता.

धरणाच्या तळातून येणारं हे पाणी दहा अंशांच्या आसपास थंड असतं आणि हवा चाळिशीच्या वर. अंगावर लाट आली की आई गं, पाच मिनिटांनी दुसरी कधी येतेय याची वाट.

बोट म्हणजे अठरा फुटी रबरी तराफा. त्यात आम्ही चौघं आणि वल्ही मारायला एक मुलगी. आपल्या पिंकीच्या वयाची, अंगाने तशीच काटकुळी. तिला पाहून समीरने हळूच विचारलं, "मुख्य गाइड मागून येणार का?" तीच मुख्य गाइड होती. समीर ऑफिसात रिस्क मॅनेजमेंट बघतो, हे त्याने तिला पहिल्या तासातच सांगितलं. ती म्हणाली, "छान. मग लाइफ जॅकेटचे पट्टे आणखी आवळा." त्यानंतर आठवडाभर या माणसाने एकही सूचना दिली नाही. अप्पा, लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हे प्रथमच पाहिलं.

रॅपिड कसे होतात हे तिने फार छान सांगितलं. बाजूच्या ओढ्यांतून कधीतरी ढगफुटीचा लोंढा येतो आणि खोलीएवढाले धोंडे मुख्य नदीत आणून टाकतो. पात्र तिथे आवळतं आणि पाणी उसळतं. पुढे पुन्हा संथ डोह. क्रिस्टल नावाचा एक मोठा रॅपिड तर 1966 च्या डिसेंबरात एका पुराने जवळजवळ नव्यानेच घडवला. इतरत्र रॅपिडना एक ते सहा असे दर्जे देतात, इथे एक ते दहा. हॅन्स नावाच्या रॅपिडला नदी सुमारे तीस फूट खाली उतरते, आणि तिथे मधोमध दगडांची नुसती पेरणी आहे. त्याच्या आधी सगळ्या बोटी काठाला लावून गाइड मंडळी खडकावर चढली आणि कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. कोणी काही बोलेना. लग्नाची बोलणी फिसकटायच्या बेताला आली की दोन्हीकडची वडीलधारी अशीच उभी राहतात. शेवटी आमची मुलगी उतरली, म्हणाली, "जमेल," आणि बसली.

वल्हवण्याची रीत मात्र मला फार पटली. ज्या धोंड्यावर आपटायची भीती, त्याच्याकडे बोटीचं तोंड करायचं आणि जोर लावून मागे ओढत लांब व्हायचं. संकटाकडे पाठ करायची नाही, पण त्याच्या अंगावरही जायचं नाही. समीर आता हीच रीत बॉसशी वापरतो. घरीही एकदोनदा वापरून पाहिली.

हॅन्समध्ये बोट एका बाजूने उचलली गेली तेव्हा तिने "हाय साइड!" अशी आरोळी ठोकली. म्हणजे जी बाजू वर उठली तिच्यावर सगळ्यांनी अंग टाकायचं, नाहीतर बोट पालथी होते. आमच्या मुलांनी, ईरा आणि ओंकारने, क्षणात उड्या घेतल्या. समीरनेही घेतली, पण माझ्या अंगावर. मी वरच्या बाजूलाच होते म्हणून निभावलं. पाण्यात कोणीही पडलं नाही. पडलंच तर पाठीवर तरंगायचं, पाय वर आणि पुढे ठेवायचे, पाण्यात उभं राहायचं नाही, हे आमच्याकडून पहिल्याच दिवशी घोटून घेतलं होतं.

आई, तू दर फोनवर विचारतेस, तिकडे जवळपास देऊळ आहे का? आहे. एका मोठ्या शिखराचं नाव विष्णू टेंपल. शिवाय ब्रह्मा टेंपल आहे, शिवा टेंपल आहे, रामा श्राइन आणि कृष्णा श्राइनही आहे. 1880 च्या सुमारास क्लॅरेन्स डटन नावाचा सैन्यातला कॅप्टन इथे भूशास्त्राचं काम करायला आला. त्याला पूर्वेकडच्या देवळांचं भारी वेड. कड्यांचे आकार पाहून त्याने देवांची नावं द्यायचा पायंडा पाडला आणि पुढच्यांनी तो चालवला. सगळी देवळं दगडाची, आत गाभारा नाही, गुरुजी नाहीत, पाकीटही नाही. हॅन्सच्या पुढे घळ एकदम अरुंद आणि काळीभोर होते. त्या खडकाचं नाव विष्णू शिस्ट, वय सुमारे 175 कोटी वर्षं. अप्पा, आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर साडेसहा कोटींचा, म्हणजे इथल्या मानाने त्याची अजून मुंजही व्हायची आहे. मी त्या खडकाला हात लावून नमस्कार केला. मुलं म्हणाली, "मम्मी, लोक बघतायत." बघू देत.

आता सोवळ्याचं. तुझं सोवळं कडक, असं आजवर वाटायचं. इथे जेवणाआधी पायाने पंप दाबून वाहत्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कोणी ताटाकडे फिरकायचं नाही. भांडी ओळीने मांडलेल्या चार बादल्यांतून काढायची. त्यांत एक कढत पाण्याची, एक जंतुनाशकाची. भांड्यांचं पाणीसुद्धा गाळायचं आणि गाळलेलं शीत न् शीत कचऱ्यात भरून सोबत न्यायचं. शेकोटी पेटवायची ती लोखंडी परातीत, आणि राखही परत न्यायची.

आणि आई, हे वाचताना पदर तोंडाला लाव: मोठ्या विधीचं सगळं झाकणाच्या डब्यात साठवून बोटीवरूनच बाहेर आणायचं. कॅन्यनमध्ये काहीही मागे ठेवायचं नाही. मुक्कामाच्या एका टोकाला, झुडपाआड, नदीकडे तोंड करून त्या डब्यावर बैठक मांडलेली असते. हात धुण्याच्या जागी वल्ह्याचा तुकडा ठेवतात. तो जागेवर नसला तर आत कोणीतरी आहे असं समजायचं. लघवी मात्र नदीतच करायची, असा पार्कचाच नियम. कृष्णेच्या घाटावर लोकांना दम देणाऱ्या अप्पांच्या लेकीला हे जमायला वेळ लागला. पण कारण पटण्यासारखं आहे. इथे पाऊस नगण्य, वाळूचे किनारे मोजके, आणि रोज नवी मंडळी त्याच वाळूत झोपायला येतात. त्यात वरून येणारी वाळू धरणामागे अडकून बसते, म्हणून किनारे झिजत चाललेत. आपल्याकडे वाळू ट्रकने जाते, इथे धरणाने नेली. 1996 पासून अधूनमधून धरणातून मुद्दाम मोठा लोंढा सोडून तळाची वाळू काठावर चढवायचा प्रयत्न करतात. सरकारी खर्चाने पूर, अप्पा!

खाण्याचे हाल झाले नाहीत. शाकाहारी आहोत हे आधी कळवलं होतं. गाइड लोक निखाऱ्यावरच्या बिडाच्या भांड्यात केकसुद्धा भाजतात. तू पाठवलेली शेंगदाण्याची चटणी तिसऱ्या दिवशी संपली, कारण आमची गाइड ती अंड्यावर, पावावर, एकदा तर काकडीवरही घालून खात होती. मेतकुटाची पुडी मात्र एका भल्यामोठ्या डोमकावळ्याने पळवली. समीर चिडला. मी म्हटलं, जाऊ दे, आजोबांना मेतकूट आवडायचंच.

कुणी कुरकुर केली की गाइड जॉन वेस्ली पॉवेलची गोष्ट काढायची. युद्धात एक हात गमावलेला हा गृहस्थ 1869 साली नऊ माणसं आणि चार लाकडी होड्या घेऊन निघाला. नकाशा नाही, लाइफ जॅकेट नाही. पीठ कुजलं, खारवलेलं मांस नासलं, शेवटी शेवटी ते कुबट पीठ, थोडी सुकवलेली सफरचंदं आणि कॉफी एवढंच उरलं. अखेरच्या टप्प्यात तिघं कंटाळून कडा चढून निघून गेले आणि वाटेत मारले गेले. बाकीचे दोनच दिवसांत सुखरूप बाहेर पडले. ही गोष्ट ऐकल्यापासून समीरने तंबूतल्या मुंग्यांबद्दल बोलणं सोडलं.

आम्ही अर्धाच प्रवास केला. फँटम रँचला उतरून ब्राइट एंजल वाटेने पायी वर आलो. पंधरा किलोमीटरची वाट आणि साडेचार हजार फुटांच्या आसपास चढण, म्हणजे सिंहगड दोनदा चढूनही थोडा उरतो. ऊन चुकवायला अंधारातच निघालो. रँचवर टाकलेलं पोस्टकार्ड खेचराच्या पाठीवरून वर येतं आणि त्यावर तसा शिक्का मारतात. तुम्हालाही एक टाकलंय. आधी खेचर आणि मग पोस्ट, तेव्हा घाई करू नका.

आता मुद्द्याचं. अप्पा, तुमच्या गुडघ्यांना ती चढण नको, हे मान्य. पण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मोटर लावलेल्या सुमारे पस्तीस फुटी मोठ्या बोटी जातात. त्या थेट खालपर्यंत नेतात, चढायचं काही नाही. एका माणसाला वर्षातून एकदाच जायला मिळतं, तेव्हा आमची यंदाची वारी झाली. पुढच्या वर्षीच्या जागा आत्तापासून भरताहेत. आईचा पासपोर्ट संपत आलाय, तो आधी काढून घ्या. डॉक्टरांना गुडघे दाखवून त्यांचं मत लिहून आणा. आणि गणपती बसायच्या आत होकार कळवा. नकार द्यायचा असेल तर कारण लिहा, पण बुडण्याचं सोडून दुसरं काहीतरी शोधा.

तुमची,
वैशू