सुताराला कुणी विचारलं?

त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये घर उभं करायला अक्कल लागते. त्यावर मापं लिहायला संयम लागतो. भिंती, खिडक्या, वॉर्डरोब मुकाट्याने जागेवर बसतात. नाटकं करतात ते आकडे.

स्केचअपच घ्या. 2000 साली अमेरिकेतल्या बोल्डर गावी जन्मलं, 2006 मध्ये गुगलला दत्तक गेलं, 2012 पासून ट्रिम्बलकडे नांदतंय. दोन टोकांवर क्लिक करा, रेघ बाहेर ओढा, माप तयार. कपाट ताणलं की आकडाही आपोआप बदलतो. पण त्याच्या जागी हाताने काही टंकलं, की तो बदलायचं सोडतो. मग कपाट सहा फुटी होवो की आठ, वर ‘7 फूट’ कायम. निवृत्तीनंतरही दारावरची ‘उपअभियंता’ पाटी न काढणाऱ्या गृहस्थासारखा! शिवाय मॉडेल तिरपं फिरवलं की मापांनी लपावं, अशीही एक सोय आहे. क्लायंटने ‘हे रुंद किती?’ विचारायची वेळ नेमकी तीच असते.

ब्लेंडर या दुसऱ्या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये तर टिपणं खरडायला ‘ग्रीस पेन्सिल’ दिली होती. लोकांनी टिपणं सोडून तिने चित्रंच काढली. कर्त्यांनी ते मनावर घेतलं. 2019 च्या 2.80 आवृत्तीत पेन्सिल रीतसर चित्रकारांच्या हवाली केली आणि टिपणांसाठी वेगळं अवजार ठेवलं. ‘आय लॉस्ट माय बॉडी’ हा फ्रेंच ॲनिमेशनपट त्या पेन्सिलीच्या मदतीने बनला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. वापरणाऱ्याचं ऐकलं की असं होतं.

ऐकायची हौस आता सगळ्यांनाच आहे. काम ऐन रंगात आलं की पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उगवते: शून्य ते दहा, किती गुण द्याल? शून्य दिलं तर कारण विचारतात, दहा दिले तर मित्रांना सांगा म्हणतात. सात दिले की सोडतात. आम्ही सात देतो.

पण मापं टाकणारा मी, वाचणारा सुतार. त्याला कुणी विचारलं? मी ऐटीत 606 मिलिमीटर लिहून प्रिंट पाठवतो. मिस्त्री कागद हातभर लांब धरतात आणि म्हणतात, “म्हणजे चोवीसला एक सूत कमी.” इंचाचे आठ सूत, हा त्यांचा हिशेब, पण ‘सूत’ स्केचअपच्या एककांच्या यादीत नाही. मग कानावरची पेन्सिल काढून ते प्लायवर स्वतःचं माप लिहितात, बाण काढतात, शेजारी ‘इकडून’. प्लाय कसाही फिरवा, ते लपत नाही. लपतं ते वर मायका चिकटल्यावर, म्हणजे काम झाल्यावर.

शेवटी मीच विचारलं, “मिस्त्री, आमच्या मापांना दहापैकी किती?”

“दहा काय, सूत?” त्यांनी मनात हिशेब केला. “सव्वा इंच होतो साहेब. एवढी चूक नसते तुमची.”