दुपारची मेहनत

सकाळी काढलेल्या बैठका दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठतात, हे मला बाराव्या वर्षी कळलं. पुन्हा कळलं ते सत्तेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात, जिमची वर्षाची फी एकरकमी भरल्यावर. फी परत मिळत नाही, म्हणून जिना उतरत राहिलो. कठडा धरून, एकेक पायरी, नव्या नवरीसारखा.

आमचं घर कोल्हापुरात, तालमीच्या बोळात. पेठेतलं पोरगं अभ्यासात मागे पडलं की त्याला शिकवणी लावत आणि अंगानं मागे पडलं की तालीम. मी दोन्हीत मागे होतो. तालीम स्वस्त पडत होती. शाहू महाराजांनी ज्या गावात 1912 साली कुस्तीसाठी खासबागेसारखं मैदान बांधलं, त्या गावात काडीपैलवान म्हणून वावरणं सोपं नव्हतं. पाहुणे आले की आधी माझा दंड दाबून बघत आणि मग आईकडे सहानुभूतीनं पाहत.

तालमीचं दार बुटकं. वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. आत हौद्यात तांबडी माती. तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर मुरवलेला. आमच्या घरच्या कोशिंबिरीतही इतके जिन्नस पडत नसत. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी कुणीतरी धोबीपछाड शिकवील. वस्तादांनी हातात खोरं दिलं. महिनाभर मी माती उकरली. पुढे जोर, बैठका, दोराची चढण आली, तेव्हा ध्यानात आलं की खांदे आणि पकड आपल्या नकळत त्या खोऱ्यानंच तयार करून ठेवली होती.

घरात मात्र खुराक आधी सुरू झाला होता. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटून केलेली थंडाई, भाकरीवर तुपाची धार, रविवारी तांबडा-पांढरा. आजी म्हणायची, ‘‘पोरगं पैलवान हुतंय, वाढा त्याला.’’ वाढलं ते पोट.

शेवटी एक दिवस धीर करून तक्रार केली.

‘‘वस्ताद, रोज शंभर बैठका काढतोय, तरी अंग काही दिसत नाही.’’

वस्तादांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. फार वेळ लागला नाही.

‘‘मेहनत तर गाढव बी करतंय. तू झोपतोस कवा, ते सांग.’’

‘‘अकरा वाजतात.’’

‘‘मग बैठका कशाला काढतोस? जिना चढ-उतर कर. तेवढंच आईचं पानी भरून हुईल.’’

तेव्हा राग आला होता. आता जिममधला पंचविशीतला ट्रेनर मला ‘सर’ म्हणत तेच ऐकवतो. वजन उचलताना स्नायू वाढत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर फक्त ताण पडतो. दुरुस्ती आणि भर होते ती नंतर, खाण्यातून आणि विश्रांतीतून. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत जास्त पाझरतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते, ती बरीचशी मज्जासंस्थेची करामत. म्हणजे नवी भरती झालेली नसते. हजेरीपटावर सही करून चहाला जाणारे जुनेच कर्मचारी कामावर यायला लागतात. सरकारी नोकरीत हयात गेल्यामुळे हे मला चटकन पटलं.

विश्रांतीचं मोल कळायला खाशाबा जाधवांची गोष्ट आठवावी. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1952 साली हेलसिंकीला बँटमवेट गटात उतरला. जपानच्या शोहाची इशीशी लढत लांबली, दमछाक झाली आणि लगोलग सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला बोलावणं आलं. नियमानं मध्ये अर्धा तास विश्रांती हवी होती. पण ती मागायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, असं सांगतात. खाशाबा थकल्या अंगानं उतरले आणि हरले. तरी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या अर्ध्या तासाची हळहळ मात्र कुस्तीवाल्यांच्या गप्पांत अजून निघते. आमच्या घरी तेवढा वेळ टीव्हीचा रिमोट शोधण्यात जातो.

अडचण अशी, की मेहनत चारचौघांना दाखवता येते. घाम दिसतो, दंड दिसतो, आरशासमोर फोटो निघतो. झोपेला प्रेक्षक नसतो. साडेनऊला दिवा मालवणारा माणूस लग्नघरात शिष्ट ठरतो, मित्रांत म्हातारा आणि घरात संशयास्पद. शंभर बैठका काढायला जिद्द लागते. पण रंगात आलेल्या गप्पांतून उठून ‘येतो’ म्हणायला जी ताकद लागते, ती वाढवायचं यंत्र आमच्या जिममध्ये नाही.

तालमीत ते बघितलं होतं, पण कळलं नव्हतं. शाळेला सुट्टी होती. भर दुपारी दोन वाजता मी हुशारी दाखवायला तालमीत गेलो. आत पंधरा-वीस पैलवान चटयांवर ओळीनं आडवे. कोनाड्यातल्या मारुतीसमोरची उदबत्ती विझलेली. श्वासांचा एकसारखा आवाज, जणू मोठं जातं फिरतंय. वस्ताद तेवढे उंबऱ्यावर बसून पंच्यानं माश्या वारत होते.

मी विचारलं, ‘‘मेहनत कधी सुरू होणार, वस्ताद?’’

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

‘‘हळू बोल की लेका. पोरांची अंगं भरत्यात.’’