तिला आवडत नाही

स्लॅबच्या दिवशी ज्याचं घर त्याला कोणी विचारत नाही. नारळ त्याच्या हातून फुटतो, पेढे त्याच्या पैशाने येतात आणि त्यानंतर दिवेलागणीपर्यंत त्याने फक्त चहाची किटली कुठवर आली एवढं बघायचं. हुकूम चालतो तो मिक्सरवाल्या अण्णांचा. तासगाव, विटा, कराड, गाव कुठलंही असो, अण्णा असतातच. कुठे त्यांना तात्या म्हणतात, कुठे मामा, माणूस तोच. कधीकाळी पांढरी असलेली टोपी, बंडी, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि खांद्यावर इंजिन चालू करायचं लोखंडी हँडल. गदेशिवायचा मारुती आणि हँडलशिवायचे अण्णा कुणी पाहिलेले नाहीत.

आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टरमागे मिक्सर ओढत अण्णा येतात. भाडं किती, गोण्या किती, डिझेल कुणाचं, हे सगळं फोनवर ठरलेलं असतं. तरी उतरल्याउतरल्या ते जागेकडे बघून नाक मुरडतात.

"मालक, हितं न्हाई जमायचं. तिला आवडत न्हाई."

नवख्या मालकाला वाटतं, अण्णा घरच्या काकूंबद्दल बोलतायत. पण ती म्हणजे मशीन. तिला उतार आवडत नाही, भुसभुशीत भराव आवडत नाही, विजेच्या तारेखाली उभं राहणं तर मुळीच आवडत नाही. अण्णांनी आयुष्यात कुणाला 'काळजी घ्या' म्हटलेलं नाही. छापील पुस्तकात सावधगिरीच्या जेवढ्या म्हणून सूचना असतात, त्या सगळ्या अण्णांकडे तिच्या आवडीनिवडी होऊन आल्या आहेत. आपल्याकडचा गडी स्वतःच्या जिवाला जपत नाही, पण तापट मालकिणीची मर्जी मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळतो, हे त्यांनी फार पूर्वीच ओळखलं असावं.

मशीन म्हणाल तर आपलं नेहमीचं टेन-सेव्हन. दहा घनफूट कोरडा माल पोटात घ्यायचा आणि सात घनफूट ओलं काँक्रीट द्यायचं; एका खेपेला सिमेंटची एक गोणी. इंजिन एका सिलिंडरचं, किर्लोस्कर. ते किर्लोस्करवाडीला जन्मलं, म्हणजे आपल्या जिल्ह्यातलंच, अशी अण्णांची श्रद्धा. वाडीला पंप होतात. डिझेल इंजिनांची कंपनी १९४६ साली पुण्यात निघाली, तिचा कारखाना खडकीला. हे सांगू पाहणाऱ्या तरुण इंजिनिअरला अण्णा "तुम्ही कुठं शिकला?" एवढंच विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. शहरात हल्ली रेडीमिक्सचे टँकर फिरतात, पंपाच्या नळीने माल थेट तिसऱ्या मजल्यावर जातो. अण्णा त्याला 'पार्सल' म्हणतात. गावठाणातल्या बोळात तो टँकर शिरत नाही, तोवर त्यांना मरण नाही.

चाकांना पुढून-मागून दगड लागले, जॅक टेकले, की अण्णा चहा मागवतात. चहा बशीत ओततात आणि बशी मशीनच्या चौकटीवर ठेवतात. चहा एका काठाकडे कलला तर आणखी एक फळी सारायची, बशी पुन्हा ठेवायची. ड्रम तिरका राहिला तर माल एका अंगाला लोळतो, बेअरिंग एकीकडूनच झिजतं, आणि भरलेला हॉपर वर चढताना सगळं धूड कलंडू शकतं. इंजिनिअरसाहेब गाडीतून पाणसळ काढून आणेपर्यंत अण्णांनी बशी सपाट करून चहा पिऊनही टाकलेला असतो. पाणसळीचा बुडबुडा बरोबर मधोमध येतो. अण्णा तिकडे बघतसुद्धा नाहीत.

सकाळी टोळी आली की तपासणी. फावडेवाल्याच्या गळ्यातला पंचा निघतो. लुंगी नेसून आलेल्याची रवानगी लांब, खडीच्या ढिगाकडे. हॉपरवरच्या पोराच्या मनगटात स्टीलचं कडं दिसतं.

"काढ."

"देवाचं हाय, अण्णा."

"मग देवाला मशीनजवळ कशाला आणलास?"

कडं खिशात जातं. मालकाची कॉलेजातली मुलगी ओढणी सावरत मिक्सरसमोर रील काढायला येते, तेव्हा मात्र अण्णा आवाज मऊ करतात. "ताई, लांबनं काढा. तिला फोटू आवडत न्हाई." इंजिनपासून ड्रमाकडे जाणाऱ्या पट्ट्यावर जाळी असते. तिचे मूळचे बोल्ट कधीच परागंदा झाले, ती आता बाइंडिंग वायरने आवळलेली आहे. अण्णांचं निम्मं मशीन बाइंडिंग वायरवरच उभं आहे. पण जाळी आहे, आणि ती बसवल्याशिवाय हँडल खांद्यावरून खाली उतरत नाही.

हँडल मारणं ही अण्णांची खास विद्या, आणि ती ते फक्त बारक्याला शिकवतात. बारक्या म्हणजे दर दोन वर्षांनी बदलणारा, सतरा-अठरा वर्षांचा, मोबाईल आणि अण्णा यांच्यात वाटला गेलेला हेल्पर. डिकॉम्प्रेशनची कळ वर करायची, हँडल दांड्यावर बसवायचं, आणि फिरवायच्या आधी अण्णा बारक्याची मूठ बघतात. अंगठा चार बोटांच्या समोर आला असेल तर टाळूवर टपली. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ मिटायची नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर हँडल हातातून निसटून गेलं पाहिजे. अंगठ्याने त्याला कवळ घातली असेल तर मनगट गेलं.

"तिला शेकहँड आवडत न्हाई," अण्णा म्हणतात.

पहिले दोन-तीन फेरे संथ, मग अंगातला सगळा जोर, कळ खाली, आणि काळ्या धुराची उचकी देऊन इंजिन बोलायला लागतं. हँडल पुन्हा खांद्यावर. पहिलं काम ड्रम रिकामा फिरवणं, मग थोडं पाणी, मग माल. भरल्या पोटी तिला उठवलेलंही आवडत नाही. पट्टा घसरतो, क्लच जळतो, आणि फावड्याने ड्रम उपसायची वेळ येते.

काँक्रीट निदान दोन मिनिटं मिसळावं, असं भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत लिहिलेलं आहे. इंजिनिअरसाहेबांना ते पाठ असतं. अण्णांचं मानक तळहातावर असतं: तंबाखू काढायची, देठ वेचायचे, चुना लावून मळायची, दोनदा झटकायची, गालात ठेवायची. साहेबांनी घड्याळ लावून बघितलं तर चार-पाच सेकंदांचा फरक पडतो, तोही अण्णांच्या बाजूने. दर खेपेला तंबाखू खाल्ली तर माणूस दुपार बघायचा नाही, म्हणून पहिल्या खेपेनंतर अण्णा कानाने मोजतात. आधी खडीचा कोरडा खडखडाट. पाणी पोचलं की तो आवाज बसतो, जड होतो. मग माल एका लगद्याने पात्यांवरून सुटून खाली पडायला लागला की थप्... थप्. हा थप् नीट लागेपर्यंत मुकादमाने कितीही कोकलावं.

"अण्णा, सोडा की वो! वर माणसं मोकळी हायत!"

अण्णांच्या गालात तंबाखू असते. ते उत्तर देऊ शकत नाहीत, ही त्यांना सोयीचीच गोष्ट.

मुकादमाशी खरं भांडण पाण्यावरून. टोळीचं काम उक्तं. माल जितका पातळ, तितका तो वर लवकर पसरतो. गोणीला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी, हा हिशोब अण्णांचा आणि साहेबांचा एकच आहे, पण दोघांनी तो एकमेकांना कधी सांगितलेला नाही. पाण्याचा डबा अण्णा स्वतःच्या हातात ठेवतात. ते लघवीला गेल्याची संधी साधून मुकादम एक डबा जास्तीचा ओततो. परत येताना अण्णांना वीस पावलांवरून आवाजातला फरक कळतो. "जादा पाणी तिला पचत न्हाई!" खरं तर पचत नाही ते स्लॅबला. ते पाणी उडून जातं, मागे बारीक छिद्रं राहतात, आणि तिसऱ्या पावसाळ्यात मालक छताखाली बादली ठेवून सिमेंटला शिव्या देतो.

एका बाबतीत मात्र अण्णांची विनोदबुद्धी संपते. हॉपर वर गेला की खाली सांडलेली खडी पटकन ओढून घ्यावी, अशी हुक्की प्रत्येक टोळीत एकाला तरी येते. एवढं वजन वर टांगलेलं असतं ते तारेच्या दोरावर आणि ब्रेकच्या पट्टीवर. दोर अण्णा रोज सकाळी फडक्यात धरून टोकापर्यंत चाचपतात. फडकं जिथे अडकलं तिथली तार तुटलेली. खालचा खड्डा साफ करायचाच असेल तर आधी हॉपर साखळीने अडकवायचा, इंजिन बंद करायचं, मग वाकायचं. हे सोडून कुणी नुसतं फावडं घेऊन खाली शिरलं, तर तिची आवडनिवड बाजूला राहते आणि अण्णा थेट त्या माणसाच्या मागच्या तीन पिढ्यांकडे वळतात. त्यातलं काहीही इथे छापता येणार नाही. मालकाच्या म्हाताऱ्या आईने कानात बोटं घातल्याचं मी पाहिलं आहे. पुढच्या चहाच्या वेळी त्या माणसाला पहिला कप अण्णा स्वतःच्या हाताने देतात, हेही पाहिलं आहे.

आता अण्णांचे हात बघा. ओल्या सिमेंटचा सामू बाराच्या वर असतो. ते कातडी भाजतं, पण इतक्या सावकाश की दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. अण्णांच्या बोटांवरच्या रेषा कधीच पुसल्या गेल्या. रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर ते अंगठा टेकवतात, यंत्र नाही म्हणतं. पँटला अंगठा पुसून पुन्हा. मग तर्जनी, मग दुसरा हात. मागे रांग कुरकुरायला लागते, आणि दुकानदार सुनेला पाठवून द्या म्हणतो. "हिला बी मी आवडत न्हाई," असं म्हणून अण्णा पिशवी घडी करतात.

साधनं नाहीत असं नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, पुढे राज्यात कल्याणकारी मंडळ आलं, आणि ९० दिवस काम केल्याचा दाखला जोडून अण्णांची नोंदणीही झाली. मंडळाकडून भांड्यांचा संच मिळाला, सुरक्षा संच मिळाला. भांडी त्याच रात्री चुलीवर चढली. हेल्मेट घालून नातू फलंदाजी करतो. बूट गोठ्यात वापरले जातात, आणि घरात होते-नव्हते ते हातमोजे काकू डाळिंबाच्या छाटणीला नेतात, कारण काटे फार. मशीनच्या एकूण एक निपलला कामाआधी ग्रीसगन लागते, बाहेरून जळक्या ऑइलचा हात फिरतो म्हणजे उडालेला माल चिकटत नाही. अण्णांच्या हातांना रात्री खोबरेल लागतं, बाटलीत उरलं असेल तर.

शेवटची खेप वर गेली की धुणं. दोन पाट्या खडी आणि भरपूर पाणी घालून ड्रम फिरवत ठेवायचा. खडीच आतलं पोट घासून काढते. मग इंजिन बंद, आणि पात्यांमागे राहिलेलं खरवडायला बारक्या आत डोकं घालतो. घालण्याआधी तो एकदा मागे वळून बघतो: हँडल अण्णांच्या खांद्यावर आहे. मोठ्या कारखान्यांत याला लॉकआउट म्हणतात, कुलूप लावून किल्ली खिशात ठेवतात, असं साहेब कौतुकाने सांगतात. अण्णा ते हँडल घेऊन चहाला जातात, फोनवर बोलतात, भिंतीआडही तसेच जाऊन येतात. टोळीतला एखादा उत्साही गडी हातोडा उचलून ड्रम बडवायला येतो, त्यालाही त्याच हँडलने हाकलतात. ड्रमाला पोचा पडला की पुढच्या वेळी नेमका त्याच खळग्यात माल धरून बसतो.

आणि नेमकं याच वेळी, दिवसभर कुणी न विचारलेला मालक पुढे होतो. हे आजवर कुठल्याही स्लॅबला चुकलेलं नाही.

"अण्णा, दोन गोण्या उरल्यात. मागच्या ओट्याचं तेवढं..."

"धुतली."

"एकच खेप हो. वरचे पैसे देतो."

"धुतल्यावर तिला सिमेंट दाखवलेलं आवडत न्हाई."

वहिनी रश्श्याचं पातेलं आणून ठेवतात. अण्णा जेवायला बसतात, भरपूर जेवतात, रश्श्याची तारीफ करतात आणि ओट्याचा विषय निघाला की पाणी मागतात. ट्रॅक्टर चालू होतो. मालक अजून आशेने दारात उभा असतो.

"मालक, ओटा म्हंजे केवढा त्यो. पत्र्यावर फावड्यानं कालवा सकाळच्या पारी," अण्णा ट्रॅक्टरवरून ओरडतात. "पन मोजं घाला हातात. तुमचा अंगठा लागतोय अजून रेशनला."