घरीच असते

आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक वहिनी राहतात. "तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं, की ड्रेसवर नसलेला पदर सावरल्यासारखं करून त्या म्हणतात, "काही नाही हो, मी घरीच असते." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून भद्रकालीच्या भाजीबाजारात ऐकलं आहे, शालिमारला वह्यांच्या दुकानात ऐकलं आहे, बँकेच्या रांगेत आणि पॅथॉलॉजी लॅबच्या पायरीवरही ऐकलं आहे. घरात मात्र एकदाही ऐकलेलं नाही, कारण घरी त्या मला कधी सापडलेल्याच नाहीत.

नाशकात या वहिनी गल्लोगल्ली आहेत. गंगापूर रोडला त्यांना मॅडम म्हणतात, सिडकोत ताई, पंचवटीत काकू. खूण एकच, दुचाकीची डिकी. आमच्या वहिनींची डिकी मी एकदा पूर्ण उघडलेली पाहिली होती. त्यात सासूबाईंचे साखरेचे रिपोर्ट, धाकट्याचा एक बूट, गुंडाळलेला चार्ट पेपर, कोथिंबिरीची जुडी, शिलाईला द्यायचा ब्लाउज, विळीचा तुटलेला स्क्रू ("तसाच दुसरा मिळतो का बघायचाय"), आणि गेल्या दिवाळीपासून परत करायचा राहिलेला शेजारणीचा स्टीलचा डबा. अंबडच्या कारखान्यात त्यांच्या यजमानांच्या हाताखाली स्टोअर सांभाळायला तीन माणसं आहेत, असं ते अभिमानाने सांगतात. या स्टोअरला एकच माणूस आहे आणि ते घरीच असतं.

वहिनींना आत्मविश्वास नाही असं त्यांचं स्वतःचं ठाम मत आहे. ते त्या इतक्या आत्मविश्वासाने सांगतात, की समोरच्याला पटतंच. द्राक्षवाल्याला "हा माल निर्यातीतून नाकारलेला दिसतोय, साठ सांगतोस कसले, चाळीस लाव" असं सुनावणारी ही बाई शाळेच्या पालकसभेत हात वर करायचा म्हटलं, की शेजारणीला कोपराने ढोसून म्हणते, "तू विचार ना, मला नाही बाई बोलता येत." प्लंबरशी बोलताना त्या इंजिनियर असतात, डॉक्टरांशी बोलताना निम्म्या डॉक्टर. पण छापील कागद पुढे आला आणि त्यावर 'व्यवसाय' असा रकाना दिसला, की पेन अडतं. मग तिथे एक बारीक रेघ ओढली जाते.

एकदा मी त्यांना सरकारी आकडा सांगितला. २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात निघालं, की स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. वहिनी म्हणाल्या, "दोनशे नव्याण्णव? चपलेची किंमत वाटतेय. आणि भाऊजी, त्या सत्त्याण्णवमध्ये 'चहा कुठे ठेवलाय' हे विचारायची मिनिटं धरली आहेत का?" त्याचा खुलासा अहवालात मला सापडला नाही.

गेल्या महिला दिनाला सोसायटीच्या हॉलमध्ये आत्मविश्वासाची कार्यशाळा ठरली. प्रशिक्षिका मुंबईहून येणार होत्या. त्या वाट चुकल्या तेव्हा वहिनी एका हाताने सतरंजी ओढत फोनवर त्यांना सांगत होत्या, "पाथर्डी फाट्याला पुलावर चढू नका, खालून सर्व्हिस रोडने या. वर गेलात तर आम्ही खालून फक्त टाटा करू." माईक खरखरत होता, तो त्यांनीच पिन काढून, फुंकर मारून नीट केला. खुर्च्या कमी पडल्या, तर तिसऱ्या मजल्यावरून चार आणवल्या. मग स्वतः मागच्या रांगेत जाऊन बसल्या, आत्मविश्वास शिकायला.

प्रशिक्षिकांनी कागद वाटले. स्वतःमधल्या पाच चांगल्या गोष्टी लिहायच्या होत्या. वहिनींनी पेनाचं टोपण चावत लिहिलं: मुलगी अभ्यासात हुशार आहे. मिस्टर निर्व्यसनी आहेत. सासूबाईंचा स्वभाव तसा चांगला आहे. यातल्या 'तसा'वर त्यांनी आधी खाडाखोड केली आणि पुन्हा तोच शब्द लिहिला. "अहो, स्वतःबद्दल लिहा," असं सांगितल्यावर बराच वेळ विचार करून त्यांनी विचारलं, "कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या खोलीतून बरोब्बर मोजते, हे चालेल?"

त्यानंतर डोळे मिटून 'मी समर्थ आहे' असं मनात दहा वेळा म्हणायचं होतं. हॉलमध्ये शांतता पसरली आणि वहिनींचा फोन वाजला. प्रशिक्षिकांनी डोळे मिटलेलेच ठेवायची सूचना दिली होती, ती त्यांनी पाळली. मिटल्या डोळ्यांनीच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हॉलमधल्या कपाटाचा डावा खण. खालचा नाही रे, मधला. निळ्या फाइलच्या मागे चिवड्याचा जुना डबा आहे, त्यात रबर लावलेली पिशवी, त्यात कर्कटक. मिळालं? खण बंद कर." आजूबाजूच्या चौदा बायकांनी, त्यांचेही डोळे मिटलेलेच, आपापल्या घरातला मधला खण आठवून मान डोलावली. दहापैकी किती वेळा कोण समर्थ झालं, ते राहूनच गेलं.

वहिनींच्यात खरा फरक पडला तो धाकट्याच्या शाळेच्या सहलीनंतर. मुलांना सांभाळायला त्याही पांडवलेण्याच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात गेल्या होत्या. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेबांनी १९१३मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला, ही कथा सगळ्यांनाच पाठ. वहिनी दुसरंच काही घेऊन परतल्या. "भाऊजी, त्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, दागिने दिले, फिल्मला भोकं पाडायला शिकल्या, रसायनं कालवली, वर अख्ख्या कंपनीचा स्वयंपाक. आणि तारामतीचं काम केलं कोणी? हॉटेलातल्या साळुंके नावाच्या आचाऱ्याने! म्हणजे आचारी झाला राणी, आणि घरची बाई आचारी." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "भांडी कोण घासायचं, ते कुठे लिहिलंय का?"

पुढच्या आठवड्यात त्या मुक्त विद्यापीठाचा अर्ज घेऊन आल्या. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं, १९८९मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ आपल्याच नाशकात, गोवर्धनला आहे. त्याचं ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. आता गंगाच घरोघरी येणार आणि वहिनी घरीच असतात म्हटल्यावर गाठ पडायचीच. लग्नात सुटलेलं बी.ए. पुन्हा सुरू झालं. "सहज हो, वेळ जात नाही म्हणून," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. यावर इमारतीतल्या एकाही बाईने विश्वास ठेवला नाही.

अभ्यास कधी केला, कोणी पाहिलं नाही. समाजशास्त्राचं पुस्तक कणकेच्या डब्यावर दिसायचं, एकदा तर गिरणीतून दळणासोबतच परत आलं. परीक्षेच्या सकाळी त्या भाजी फोडणीला टाकून गेल्या आणि पेपर लिहून येताना दही घेऊन आल्या.

परवा पार्किंगमध्ये भेटल्या. "भाऊजी, कोथिंबीर हवी का?" म्हणून डिकी उघडली. मी नको म्हटलं. मिटली. "लिंबं?" पुन्हा उघडली. तेही नको. मग छत्री आहे का बघितली, रुमाल शोधला, विळीचा स्क्रू मिळाल्याचं सांगून तोही काढून दाखवला. पाचव्या वेळेला माझ्या लक्षात आलं, की कोथिंबिरीखाली काहीतरी लॅमिनेट केलेलं आहे.

"वहिनी, मार्कशीट की काय?"

"कुठली? अगंबाई, ही इथे कशी आली!" असं म्हणत त्यांनी कोथिंबीर बाजूला केली आणि मला वाचायला सोपं जावं म्हणून ती सुलटी फिरवून धरली.