मामांची पुढची गाडी

लखनौच्या अमौसीला राहणाऱ्या आमच्या मामांकडे गाडी आहे. पांढरी वॅगन आर, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, विम्याचा एकही क्लेम नाही. तिच्याबद्दल मामा चकार शब्द काढत नाहीत. ती बाजारहाटाची गाडी. बोलायची गाडी म्हणजे पुढची. ती कोणती, हा प्रश्न त्या घरात वर्षानुवर्षं पडून आहे, कारण तो सुटावा असं घरात फक्त मामींना वाटतं.

असे मामा गावोगाव असतात. औंधला असतात, डोंबिवलीला असतात, मस्कतलाही असतात. दिवसभर ते शहाण्यासारखे वागतात, हप्ते भरतात, पोरांना करिअरचे सल्ले देतात. आणि रात्री जेवणं उरकली की चष्मा कपाळावर चढवून मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत बसतात. नव्या गाडीचं त्यांना काही कौतुक नाही. नवी घ्यायला नुसते पैसे लागतात, जुनी घ्यायला नजर लागते. ती आपल्यापाशी आहे याविषयी त्यांना तिळमात्र शंका नसते, आणि ती सिद्ध करायची पाळी ते स्वतःवर कधी येऊ देत नाहीत.

आमच्या मामांना हे वेड नोकरीतून लागलं. साताऱ्याहून ते लखनौला आले ते स्कूटर्स इंडियात. विमानतळ ओलांडून कानपूर रस्त्याने पुढे गेलं की सरोजिनीनगरला, सोळाव्या मैलाच्या दगडापाशी, हा कारखाना. १९७२ साली सरकारने मिलानच्या इनोसेन्ती कंपनीकडून स्कूटरची यंत्रं, साचे, नकाशे आणि लँब्रेटा हे नावसुद्धा विकत घेतलं आणि सगळं इथे आणून मांडलं. म्हणजे मामांचा कारखानाच मुळात सेकंड हँड. "इटालियन, सिंगल ओनर," मामा अजून सांगतात. त्यातून विजय सुपर निघाली, विक्रम टेम्पो निघाला. तो विक्रम चारबाग ते अमौसी या रस्त्यावर इतकी वर्षं धूर सोडत धावला, की त्या धुरातही मामांना आपल्या शिफ्टचा वास यायचा. १९९७ ला स्कूटर बंद झाली, २०२१ च्या जानेवारीत सरकारने कारखान्यालाच कुलूप लावायचं ठरवलं. मामा तोवर निवृत्त झाले होते. पण विलायतेतले लँब्रेटाचे शौकीन लखनौला बनलेली जीपी स्कूटर अजून पुसून-पासून ठेवतात, हे ते नव्या माणसाला पहिल्या चहालाच ऐकवतात.

तेव्हापासून असेल किंवा आधीपासून असेल, पण बंद पडलेल्या कंपन्यांच्या गाड्यांवर मामांचा फार जीव. देवूची सिएलो तर उत्तर प्रदेशचीच लेक, सूरजपूरची. कंपनी बुडाली आणि गाड्या रस्त्यावर राहिल्या. ओपेलही इथून गेली. शेवरोलेने २०१७ ला भारतात गाड्या विकणं थांबवलं तेव्हा मामांनी ऑप्ट्रा बघायला सुरुवात केली. २०२१ च्या सप्टेंबरात फोर्डने इथले कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्या रात्री मामांना झोप आली नाही; सकाळी म्हणाले, "आता फिएस्टा खाली येईल." फिएस्टाचा भाव तसा थोडा खाली आलाही. मामांनी आणखी खाली यायची वाट बघितली. मामींचं यावर एकच वाक्य आहे : "यांना गाडी नकोच आहे रे. यांना कुणाचा तरी वारस व्हायचंय."

मामांकडे पाहुणा म्हणून गेलात तर परतताना तुम्हाला विमानतळावर सोडायला ते स्वतः येतात, तेही तासभर आधी. विमानतळ घरापासून हाकेच्या अंतरावर, मेट्रोही थेट तिथपर्यंत, तरी मामा हट्टाने गाडी काढतात. पाहुण्यांना गहिवरून येतं. त्यांना आत पाठवलं की मामा पार्किंगमध्ये शिरतात. परगावी गेलेल्यांच्या गाड्या तिथे दोन-दोन दिवस निवांत उभ्या असतात. मालक विमानात, हरकत घ्यायला कुणी नाही. मामा पाठीमागे हात बांधून एकेका गाडीभोवती फिरतात, टायरवरची उत्पादनाची तारीख वाचतात, वाकून सायलेन्सरचं बूड बघतात. सुरक्षारक्षक सुरुवातीला शिट्टी मारायचे. हल्ली एकाला स्वतःची जुनी झेन विकायची आहे, म्हणून सलाम करतात.

खरा दरबार मात्र ट्रान्सपोर्टनगरला, मेट्रोच्या पुलाखालच्या चहाच्या टपरीवर. आरटीओ कचेरी त्याच भागात, त्यामुळे गाडीच्या जन्ममृत्यूच्या बातम्या इथे आधी कळतात. मामा, एक मिस्त्री, एक ट्रकवाले सरदारजी आणि अमौसी स्टेशनवरून निवृत्त झालेले एक मास्तर. सरदारजींचं मत, जी गाडी माल वाहत नाही ती गाडी नव्हे. मास्तर अँबॅसडरचे भक्त. २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाड्याला ती बंद पडली तेव्हापासून कुठल्याच गाडीला ते सिग्नल देत नाहीत. मिस्त्री बोलत नाही. तो फक्त, "ले लीजिए, हम बैठे हैं," एवढं म्हणतो, आणि त्याच्या तोंडून हे ऐकलं की मामांचा हात खिशातल्या पाकिटावरून अलगद बाजूला होतो.

या दरबाराचे सोन्याचे दिवस दिल्लीने आणले. राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायच्या नाहीत, यावर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानेही शिक्का मारला. अमौसी त्या क्षेत्रात येत नाही. झालं! साहेबलोकांच्या डिझेल ऑक्टाव्हिया, कोरोला, पजेरो एनओसी घेऊन एक्सप्रेसवेने पूर्वेकडे निघाल्या. मामा ऑक्टाव्हियापाशी थबकले, कारण ती औरंगाबादच्या शेंद्र्याची. मामांना गाडीचं गाव लागतं. पद्मिनी कुर्ल्याची, सिएरा पुण्याची, ऑक्टाव्हिया शेंद्र्याची. परमुलखात आपलं माणूस भेटल्यासारखं ते तिच्या बॉनेटवर हात ठेवतात. मामांच्या खणात फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती असतात, 'खरेदीदार' या रकान्यात मामांचं नाव-पत्ता आधीच लिहिलेला. गाडीचा रकाना तेवढा कोरा.

कधीतरी प्रकरण प्रत्यक्ष बघण्यापर्यंत जातं. आलमबागेत एक लिनिया विकायची होती, फिएट, रांजणगावची. मी तेव्हा लखनौत होतो, मामांनी मला बरोबर घेतलं. मालक अस्सल लखनवी. "जनाब, इसे तो हमने धूप भी नहीं दिखाई," म्हणून त्यांनी गाडी उन्हात काढली. मामांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत फ्रिजवर लावायचे अष्टविनायकाचे आठ मॅग्नेट. मामींनी यात्रेहून हौसेने आणलेले.

यामागे शास्त्र आहे. ठोकर बसलेला पत्रा पुट्टीने भरून वर रंग मारला की डोळ्यांना कळत नाही, पण पुट्टीला चुंबक धरत नाही. चार दारं, दोन फेंडर, बॉनेट, डिकी, हे झाले आठ पत्रे. आणि गणपतीही आठ. हा योग ज्या दिवशी मामांच्या ध्यानात आला त्या दिवसापासून मामींचा फ्रिज मोकळा आहे.

मामांनी चपला काढल्या. बॉनेटवर मोरगावचा मोरेश्वर घट्ट बसला. फेंडरना ओझर आणि लेण्याद्री. डावीकडच्या दारांवर थेऊरचा चिंतामणी, सिद्धटेकचा सिद्धिविनायक. डिकीला महड. उजवीकडे पुढच्या दाराला पालीचा बल्लाळेश्वर थोडा कचरला, पण थांबला. शेवटी मागच्या दाराला रांजणगावचा महागणपती लावला आणि तो सुळकन घसरून मामांच्या पायावर आला. मालकांनी लगबगीने उचलून कपाळाला लावला. "देखिए, बप्पा खुद उतर आए!" म्हणाले.

मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "रांजणगावच्या गाडीला रांजणगावचाच गणपती धरेना. याहून स्पष्ट कौल कुठला असतो?"

त्यानंतर आम्ही त्या घरी दोन तास होतो. चहा झाला, शरबत झालं, मलिहाबादच्या दशहरीची पिशवी हातात आली, मालकांनी गाडीचा भाव दोनदा उतरवला आणि मामांनी दोन्ही वेळा त्यांच्या आंब्यांची तारीफ केली. परतीच्या वाटेवर निकाल लागला : "माणूस उत्तम. पत्रा वाईट."

ती लिनिया आठवड्याच्या आत गेली. घेतली कुणी, तर लखनौच्या चौक भागात गलाईचा धंदा असलेल्या आमच्याच एका विट्याकडच्या ओळखीच्यांनी. खानापूर, आटपाडीकडची ही मंडळी सोनं-चांदी गाळायला देशभर पसरली आहेत. दिवसभर धातूतली भेसळ काढणं हेच त्यांचं काम. या गृहस्थांनी गाडीचा हॉर्न एकदा वाजवून पाहिला आणि बयाणा दिला. नंतर तीच गाडी घेऊन ते गावच्या जत्रेला विट्यापर्यंत गेले आणि आले. मामांना सांगितलं तर शांतपणे म्हणाले, "चालतेय ना? चालणारच. पण पुट्टीवर चालतेय."

अशा हुकलेल्या गाड्यांशी मामांचं नातं तुटत नाही. कानपूर रस्त्यावर मध्येच ते म्हणतात, "ती बघ आपली लॅन्सर." दहा वर्षांपूर्वी बघून सोडलेली असते. "बंपर कसा केलाय बघ नालायकाने." मालकाला तिचं जेवढं दुःख नाही तेवढं मामांना.

आता गाडी का घेतली नाही, याची कारणं. पत्रा, टायमिंग बेल्टचा इतिहास, मागे फिरवलेला मीटर ही झाली नेहमीची. पण मामा साताऱ्याचे आणि राहणार अवधात, त्यामुळे त्यांना दोन्हीकडचे वाईट दिवस पाळावे लागतात. डिसेंबरच्या मध्याला उत्तरेचा खरमास लागतो, त्यात इथे कुणी वाहन घेत नाही. तो संक्रांतीला संपतो, तेव्हा आपला पौष उरलेलाच असतो. पौष गेला की जरा श्वास घ्यावा तर होळीआधीचे आठ दिवस होलाष्टक. मग मार्च अखेर, टॅक्स. मग उन्हाळा, आणि उन्हाळ्यात एसी नीट चालतो की नाही हे कळतं म्हणून नुसतं बघायचं. पावसाळ्यात गळती कळते म्हणून तेव्हाही नुसतं बघायचं. मग पितृपंधरवडा. दसऱ्याला गाडी घ्यायला हरकत नाही, पण दसऱ्याला भाव चढे असतात.

एकदाच मामा खरोखर काठावर होते. गाडी कॉन्टेसा. जुन्या हिंदी सिनेमातल्या श्रीमंत बापाची गाडी. लांबलचक, खाली बसकी, १९८४ ते २००२ पर्यंत निघालेली. सुरुवातीला तिला अँबॅसडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं, म्हणजे पैलवानाच्या अंगात कारकुनाचं काळीज; पुढे इसुझूचं इंजिन आलं तेव्हा कुठे तिला दम आला. मामांना मिळत होती ती इसुझूची. गणपती आठही चिकटले. महिना निर्दोष. मिस्त्रीसुद्धा, "ये ठीक है," एवढं बोलला. मामा घरी आले आणि त्यांनी टेप काढून पोर्च मोजला. चौदा फूट. कॉन्टेसा पंधरा.

फूटभर गाडी रस्त्यावर राहिली असती, त्यात काय एवढं, असं आपल्याला वाटेल. मामींनाही तेच वाटलं. "फाटक काढून टाकू," त्या म्हणाल्या, "मी उद्याच गवंडी बोलावते." मामांनी टेपकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं. बायको इतक्या वर्षांनी राजी झाली, गाडी चांगली, पैसे बँकेत. मामांना मी एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नाही. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी मालकाला फोन लावला आणि सांगितलं, की फाटक वडिलांच्या स्मरणार्थ बसवलंय. मामांचे वडील लखनौला कधी आलेले नव्हते.

मग २०२५ च्या नोव्हेंबरात टाटांनी सिएरा परत आणली. जुनी सिएरा हे मामांचं मूळ दुखणं. १९९१ ची, दोनच दारांची, मागे छतापर्यंत वळलेल्या आणि न उघडणाऱ्या काचा. आयुष्यभर त्यांनी ती शोधली, आणि सापडली की सोडली. नव्या सिएराचे फोटो बघून आधी चिडले. "पाच दारं? ही काय बस आहे?" आठवड्याने म्हणाले, काचेची रेषा मात्र राखलीय हो. पंधरवड्याने शोरूमला जाऊन बसून आले. मी फोनवर म्हटलं, "मामा, करून टाका बुकिंग."

"वेडा आहेस का? नवी?" मामा म्हणाले. "पाच-सहा वर्षं जाऊ दे. सेकंड हँडमध्ये येऊ दे. पहिला ओनर मी बघून ठेवलाय."

पहिला ओनर म्हणजे त्यांच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. डॉक्टरची गाडी चांगली असते, कमी चालते, हा जुन्या बाजारातला सर्वमान्य सिद्धांत. मामांनी त्यांना सिएराच घ्यायला लावली. कुठलं इंजिन घ्यायचं ते सांगितलं, सीटकव्हर लखनौच्या लालबागेतून कुठलं आणायचं ते सांगितलं, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची नाही अशी ताकीद दिली. ड्रायव्हर ठेवायचा झाला तर आधी आपल्याला दाखवा, असंही सांगून झालंय. डॉक्टर भले गृहस्थ, त्यांना वाटतं शेजारी फार प्रेमळ आहेत.

परवा मामांचा फोन आला तो तापलेलाच. डॉक्टरांच्या बायकोने लाल रंग ठरवला होता.

"अरे, त्यांना दोन दिवसांत सवय होईल," मामा म्हणत होते, "पुढे वापरायची कुणाला आहे?"